डाव्या डोळ्याची तारीख

माझं काम काय ते कुणाला सांगायला गेलं की माझंच डोकं फिरतं. लोक विचारतात, "म्हणजे तू वॉलपेपर करतेस का?" नाही हो. मी पार्श्वभूमी करते. पडद्यावर चित्रांमागे, अक्षरांमागे, संगणकातल्या घरांच्या भिंतींवर आणि जमिनींवर जे पसरलेलं असतं आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, ते मी करते. सिमेंट, गिलावा, गंजलेला पत्रा, जाडंभरडं कापड, बारीक खडी. कुणी निरखून बघितलं तर माझं चुकलं, असला हा धंदा. असलं काम करणारी बाई चिडकी होणार नाही तर काय होईल?

काम सांगायला सोपं आहे. भिंतीचा फोटो काढायचा, त्यातला एक चौकोनी तुकडा घ्यायचा आणि तो असा घडवायचा की त्याची उजवी कड त्याच्याच डाव्या कडेला आणि वरची कड खालच्या कडेला बेमालूम जुळली पाहिजे. मग तोच तुकडा शेजारी शेजारी हजार वेळा मांडा, झाली मैदानाएवढी भिंत. सांधा कुठेही दिसता कामा नये. सांधे मला झोपेतही जुळवता येतात. घोळ होतो तो भलतीकडेच. तुकड्यातला एखादा खडा बाकीच्यांपेक्षा जरासा काळा राहिला, तर एकटा असताना तो मुकाट बसतो. पण तुकडा हजार वेळा मांडला की तोच खडा हजार वेळा, ठरावीक अंतरावर, रांगेत उभा राहतो आणि सगळ्यांना सांगून टाकतो की ही भिंत खोटी आहे. अशा खड्याला मी चुगलखोर म्हणते. चुगलखोर शोधायचे आणि त्यांची तोंडं बंद करायची, यात माझी बारा वर्षं गेली.

त्या वर्षी मला एक मोठं काम मिळालं. घर बांधण्याआधी ते पडद्यावर आतून फिरून बघता येतं ना, तशी घरं तयार करणारी एक कंपनी होती. तिला चाळीस तुकडे हवे होते. मी पाठवले. आठवड्याने त्यांच्या परीक्षकबाईंनी अकरा परत केले आणि अकराही तुकड्यांवर एकच शेरा मारला: "पुनरावृत्ती दिसते." कुठे दिसते, ते नाही. खाली एवढंच की तीन आठवड्यांत सगळे चाळीस पुन्हा पाठवा, आणि या खेपेला एक जरी परत आला तर काम दुसऱ्या कुणाला देऊ.

"दिसते म्हणे! कुठे दिसते? बोट ठेवून दाखव की बये!" मी पडद्यावर ओरडत होते. तीन दिवस तेच अकरा तुकडे बघून बघून माझे डोळे भाकरीसारखे फुगले होते, आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"कुणावर डाफरतेयस, ठिणगे?" मागून आत्या आली. मला ती लहानपणापासून ठिणगी म्हणते. का ते वेगळं सांगायला नको.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. एकतीस वर्षं कापडाच्या गिरणीत तपासणीच्या टेबलावर काढली. निवृत्त झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मी आणि माझा नवरा जाऊन तिला आमच्याकडे घेऊन आलो. त्याला तीन वर्षं झाली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा साधाच, पण डावा पिकत आलेला. डॉक्टरीणबाईंनी आदल्याच महिन्यात मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "डाव्याला आता उशीर नको. आतला दाब वाढला तर नजर कायमची जाते, मग माझ्याही हातात काही राहत नाही." मंगळवारची तारीखही ठरली होती, बारा दिवसांवर.

आत्या पडद्याजवळ आली, मान जराशी वाकडी केली आणि म्हणाली, "हे तिरकं काय चाललंय?"

"कुठे तिरकं?"

"हे काय, खालून वर. मुंग्या चालल्यात जशा." तिने बोटाने पडद्यावर खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. पडद्यावर बोटाचा डाग पडला. एरवी मी केवढ्याने ओरडले असते.

मला काहीच दिसत नव्हतं. मी तिने ओढलेल्या रेघेवरचा एकेक तुकडा मोठा करून तपासला. आणि सापडला! खडा नव्हताच तो. पूर्ण तुकड्यात एका जागी गिलावा केसभर फिकट होता, तळहाताएवढा, कड नसलेला. मी तीन दिवस काळा खडा शोधत होते आणि फिकट ढग माझ्या नाकासमोरून रांगेने चालला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मी दुसरा तुकडा लावला. आत्या म्हणाली, "आडवं आहे. दर वितीला." तिसरा. "दोन दोन आहेत. जोडीने." अकराच्या अकरा सांगितले तिने, अर्ध्या तासात, उभ्याउभ्या, गुडघ्यावर हात ठेवून. मग मी मुद्दाम एका खऱ्याखुऱ्या मोठ्या भिंतीचा फोटो लावला, एकसंध, कुठलाही तुकडा न मांडलेला. आत्या बराच वेळ बघत राहिली.

"यात काही नाही," ती म्हणाली. "ही खरी आहे."

माझ्या अंगावर काटाच आला. मला आनंद झाला, पण त्याहून जास्त मला ते कोडं छळायला लागलं. जिला वाटीतली साखर की मीठ ते चाखून ओळखावं लागतं, तिला हे दिसतं कसं?

मला आधी वाटलं, गिरणी. एकतीस वर्षांची सवय. मी तिला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, तुम्ही सगळ्या टेबलावर बघायचात कसं ते नीट सांग.

"बघायचं नाही," आत्या म्हणाली. "तिथेच नव्या पोरी फसायच्या. टेबलाला खालून दिवा असतो. कापड पलीकडून येतं आणि आपल्याकडे सरकत जातं. त्याच्याकडे बघत बसलीस तर अर्ध्या तासात डोकं उठतं आणि खोट निसटते. कापड जाऊ द्यायचं. जे जात नाही ते चुकलेलं."

"जे जात नाही म्हणजे?"

"म्हणजे सगळं जातं आणि एक काहीतरी अडतं. डोळ्याला अडतं. आता याहून काय सांगू? तुझं चित्रही सरकव बघू खाली. हळू. थांबू नकोस."

मी तुकडे मांडलेली भिंत पडद्यावर वरून खाली सरकवत राहिले आणि स्वतः कापड जाऊ देऊन बघितलं. एक तास दिला. सगळं गेलं. काहीच अडलं नाही, फक्त मला मळमळायला लागलं.

मग मी चाचण्या घ्यायला लागले. आधी चष्मा लावून, मग काढून. काढून जास्त लवकर सापडलं. जवळून, लांबून. लांबून जास्त लवकर. आत्याला मजा वाटत होती. "काय गं, मला प्रदर्शनात ठेवणार आहेस का?" म्हणाली. मग मी तिला डावा डोळा झाकायला सांगितला. उजव्याने तिने तुकडा ओळखला, पण चारपाच मिनिटं गेली. मग उजवा झाकायला सांगितला. नुसता डावा, तो बिघडलेला.

"हा बघ. इथून इथे." तीन सेकंद लागले असतील.

तीनदा घेतली मी ती चाचणी. तिन्ही वेळा तेच. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्याला खडे दिसतच नव्हते! भेगा, कण, रेषा, ज्या मी जीव ओतून केल्या आणि ज्यांच्या गर्दीत माझी नजर अडकत होती, त्या तिच्या डाव्या डोळ्यापर्यंत पोचतच नव्हत्या. तिला फक्त फिकट आणि गडद ढग दिसत होते. आणि ढग रांगेत चालायला लागले की लपतील कुठे?

आता तुम्ही म्हणाल, चित्र धूसर करायचं बटण संगणकात असतंच की. असतं, आणि मी ते पहिल्या दिवसापासून वापरते. ते अकरा तुकडे त्याच चाळणीतून गेले होते. तरी मी ईर्ष्येने पुन्हा करून बघितलं, कमी धूसर, जास्त धूसर. दोन सापडले. मग नवऱ्याचा जुना चष्मा घेतला, त्याच्या काचांना हाताला लावायचं क्रीम फासलं आणि तो घालून बसले. चार सापडले. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, संध्याकाळी हात काळे करून दारात आला, मला बघितलं आणि म्हणाला, "चष्म्यालाही सुरकुत्या पडतात का गं?" मी त्याच्याशी जेवेपर्यंत बोलले नाही.

म्हणजे नुसता डोळा नव्हे आणि नुसती गिरणीही नव्हे. गिरणीत तयार झालेली बाई आणि तिच्या डोळ्यावर आलेला तो पडदा, दोन्ही एकत्र लागत होतं. असं यंत्र विकत मिळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्या कामाला बसायला लागली. मी सांगितलं नव्हतं. सकाळी दहाच्या ठोक्याला निळा स्वेटर घालून, केस नीट बांधून, ती माझ्या खोलीत हजर. सोबत लाल दोऱ्याचं रीळ. गिरणीत खोट सापडली की कापडाच्या काठाला तिथे दोरा बांधतात, म्हणजे पुढे दुरुस्त करणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. माझ्या पडद्याला काठ कुठला? मग तिने दोऱ्याचे बोटभर तुकडे कापले आणि ते चिकटपट्टीने पडद्याच्या चौकटीला लावायला सुरुवात केली, खोट ज्या उंचीवर असेल त्या उंचीवर. मी दुरुस्त केलं की पुन्हा चित्र सरकवायचं. तिला काही अडलं नाही तर ती दोरा काढून घ्यायची. काढताना "गेला!" असं म्हणायची, लहान मुलीसारखी.

पास झालेले एकोणतीसही तिने तपासले. त्यातल्या सहांना दोरा लागला. परीक्षकबाईंनाही न दिसलेले सहा! मी आतून हललेच. हे पुन्हा तपासले गेले असते आणि एक जरी परत आला असता, तर संपलं होतं.

आणि मग मी ते केलं.

शुक्रवार होता. मंगळवारी आत्याची शस्त्रक्रिया. हातात अजून चौदा तुकडे बाकी, पाठवायला अकरा दिवस. आत्या आंघोळीला गेली होती. मी दवाखान्यात फोन लावला. तिथली फोन घेणारी मुलगी गोड बोलते. मी म्हटलं, घरात जरा अडचण आहे, तारीख तीन आठवडे पुढे ढकलता येईल का? ती म्हणाली, "येईल, पण डॉक्टरांनी लवकर करा असं लिहिलंय." मी म्हटलं, "तीनच आठवडे." ती म्हणाली, "बरं."

एवढं सोपं होतं ते. मी फोन ठेवला आणि लगेच पुढचा तुकडा उघडला, हे मी अजून विसरले नाही. मी मनाशी हिशोब केला: मोतीबिंदू काय एका रात्रीत पिकतो का? इतके महिने थांबलोच ना? आणि तिला बरं वाटतंय, किती हुशारीत आली आहे. मनाची समजूत घालायची म्हटली की माणसाला युक्तिवाद कधी कमी पडत नाहीत. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ मला दिसेना.

"आत्या," मी रात्री जेवताना म्हणाले, "दवाखान्यातून फोन आला होता. डॉक्टरीणबाई बाहेरगावी जातायत. तारीख तीन आठवडे पुढे गेली."

आत्याने पाण्याचा पेला उचलला, प्यायली, खाली ठेवला. "बरं," म्हणाली.

नवरा म्हणाला, "अशा कशा जातात बाहेरगावी? लवकर करा म्हणून त्याच मागे लागल्या होत्या ना?"

"मला काय माहीत! मी काय त्यांची चिटणीस आहे?" मी खेकसले. तो ताटाकडे वळला. माझ्या रागाचा तेवढा उपयोग असतो, पुढचे प्रश्न येत नाहीत.

ते अकरा दिवस फार सुखाचे गेले, हे कबूल करायला लाज वाटते. आत्या मला गिरणीतल्या गोष्टी सांगायची. एकदा चेक्सच्या कापडात एक उभा धागा चुकीच्या रंगाचा आला होता आणि तिने चारशे मीटर कापड एकटीने अडवलं होतं, मोठे साहेब स्वतः टेबलापाशी आले होते. मी तिला माझ्या युक्त्या शिकवायचे. ती विचारायची, "हा खडा तू हाताने काढलास? आणि हा इथला तिथे नेलास? म्हणजे तू लबाडच आहेस की!" आम्ही दोघी हसायचो. चौकटीवरचे दोरे कमी कमी होत गेले. शेवटचा निघाला तेव्हा तिने तो माझ्या मनगटाला बांधला.

सोमवारी सगळे चाळीस गेले. गुरुवारी उत्तर आलं: चाळीसही मान्य. शिवाय आणखी साठ करून द्याल का? मी खुर्चीवरून उठून नाचले. आत्याने टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी आत्या उठली नाही. मी खोलीत गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. डावा डोळा लालभडक झालेला, डोकं फुटेल असं दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती आणि तिने आम्हाला उठवलं नव्हतं. "उगाच तुम्हाला कशाला," म्हणाली. नवऱ्याने तिला जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं.

डॉक्टरीणबाई रविवार असूनही आल्या. डोळ्यात दाब मोजला आणि त्यांचा चेहरा कठीण झाला. औषधं दिली, सुई दिली, मग माझ्याकडे वळल्या. "मी मंगळवारची तारीख दिली होती. पुढे कुणी ढकलली?"

मी तोंड उघडलं. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं, त्याच क्षणी कळलं, मला दिसलं ते.

"मी," आत्या म्हणाली. कण्हत, डोळे मिटूनच. "मीच."

मला वाटलं, तिला वेदनेत काही सुचत नाहीये, किंवा अंदाजाने मला पाठीशी घालतेय. मी तिथे खरं बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. त्या वेळी मला स्वतःची जेवढी शिसारी आली तेवढी आयुष्यात कुणाचीही आली नाही, आणि मला बऱ्याच जणांची येते.

दोन दिवसांनी दाब उतरल्यावर शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी समोर बोटं धरली. आत्याने बरोबर मोजली. भिंतीवरची अक्षरं दाखवली. तिने खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचली, तीही ठणठणीत आवाजात. मी जवळजवळ रडलेच. मग त्यांनी बोटं हळूहळू डावीकडे नेली आणि विचारलं, "आता?"

"आता नाहीत," आत्या म्हणाली. "तिकडे धूर आहे."

"मधली नजर वाचली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कडेची गेली ती गेली. आठ दिवस आधी आला असतात तर..." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "उजव्याची तारीख सांगून ठेवते. त्याची घाई नाही, पण या अनुभवानंतर मी लांबवणार नाही."

नवऱ्याने मला घरी आल्यावर एवढंच विचारलं, "तिला सांगणार आहेस ना?" मी म्हटलं, हो. आणि नऊ दिवस सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी दहा वाजता आत्या स्वेटर घालून माझ्या खोलीत आली. खुर्चीत बसताना तिच्या डाव्या हाताचा धक्का लागून माझा कॉफीचा मग पडला. तिला तो दिसलाच नव्हता. "अगं बाई," म्हणाली, आणि फडकं शोधायला लागली. मी फडकं तिच्या हातातून घेतलं आणि पुसत राहिले, कोरडं झालं तरी.

"लाव बघू नवीन काम," ती म्हणाली.

मी साठातला पहिला तुकडा लावला, खडीचा. आत्या पडद्याकडे झुकली आणि तिने तोंडावर हात ठेवला. "हे खडे आहेत होय! इतके? आणि हा बघ, याला चीर आहे. हा तांबूस. ठिणगे, हे सगळं तू करतेस?" ती एकेक खडा बघत सुटली. मी चित्र सरकवायला घेतलं तर म्हणाली, "थांब ना, हा राहिला बघायचा." अर्धा तास झाला. रांग तिला दिसली नाही. मला तर फारच बरं वाटत होतं. माझ्या कामाकडे इतक्या प्रेमाने आजवर कुणी बघितलं नव्हतं.

मग तिने खुर्चीत पाठ ताठ केली. डावा तळहात उचलून नव्या डोळ्यावर ठेवला.

"सरकव. हळू."

मी सरकवलं. चारपाच मिनिटं गेली.

"हा. इथून आडवा जातोय." तिने हात खाली घेतला आणि माझ्याकडे वळली. "उजव्याने वेळ लागतो, पण सापडतं. तो अजून तसाच आहे. साठ तुकड्यांना किती, दोन महिने लागतील? मग आणखी पिकेल, आणखी लवकर सापडेल. डॉक्टर म्हणाल्याच आहेत की घाई नाही. ठेवू या."

ती हे असं म्हणाली जसं काही शेजारणीला आपली शिडी वापरायला देतेय.

"गप्प बस!" मी किंचाळले. "ठेवू या म्हणे! काय ठेवू या? डोळा आहे तो! आत्या, डॉक्टरीणबाई कुठेही गेल्या नव्हत्या. फोन मी केला होता. मी ढकलली तारीख. तुझ्या डोळ्याची कड माझ्यामुळे गेली, कळतंय का तुला? माझ्यामुळे!"

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"त्या दवाखान्यातल्या पोरीने त्याच दुपारी मला फोन केला होता. तिला पटलं नव्हतं. म्हणाली, आजी, डॉक्टरांनी लवकर करा म्हटलंय, तुमच्या घरून पुढे ढकलायला सांगितलंय, तुम्हाला चालणार आहे का? मी म्हटलं, चालेल."

मला धरायला काही सापडेना म्हणून मी टेबलाची कड धरली. "का? अगं, का? मला दोन मुस्कटात का नाही दिल्यास?"

आत्याने पडद्याच्या चौकटीवरची जुनी चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. मग म्हणाली, "मी तुमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली. तुम्ही दोघं मला काही कमी पडू देत नाही. पण या तीन वर्षांत मला प्रश्न दोनच आले. जेवलीस का, आणि गोळी घेतलीस का. त्या दिवशी तू मला विचारलंस, हे बरोबर आहे का बघ. मला वाटलं, हे तीन आठवडे तरी चालू दे. डोळ्याचं काय, दोन आहेत."

मी रडले. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत रडले. आत्या माझ्या पाठीवर हात फिरवत होती आणि त्याने मला आणखीच रडू येत होतं. मग मी नाक पुसलं आणि तिच्यासमोरच फोन लावला.

"दवाखान्यातून बोलतेय," ती गोड आवाजाची मुलगी म्हणाली, आणि मी कोण ते कळल्यावर तिचा आवाज जरा थंड झाला. "तारीख पुढे ढकलायची आहे का?"

"नाही. अलीकडे आणायची आहे. सगळ्यात जवळची कुठली आहे?"

"परवा सकाळी एक रिकामी आहे."

"परवा. आणि पुन्हा माझा फोन आला आणि मी ती बदलायला सांगितली, तर बदलू नका. मी कितीही ओरडले तरी."

मी फोन ठेवला. आत्या मांडीवर हात ठेवून बसली होती. आपल्या खिशातलं कुणी काही काढून घेतल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"आणि तुझे साठ तुकडे?"

"तू तपासायचेस."

"दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसायला लागल्यावर मला काहीच नाही सापडलं तर? आत्ताच बघितलंस ना, अर्धा तास खडे मोजत बसले."

"तर नाही सापडणार. परत येतील, मी पुन्हा करीन, काम गेलं तर दुसरं शोधीन. पण तू इथेच बसायचंस आणि मी तुला विचारणार, हे बरोबर आहे का. आणि तू चुकलीस तर मी तुझ्यावर ओरडणार, जशी सगळ्यांवर ओरडते."

आत्याने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"मग साडेनऊला बसत जाऊ," ती म्हणाली. "तुझं काम फार रेंगाळतं."